वास केळ्याचा

'गिरिराज' बंद पडल्याची बातमी अमृतराव फेगड्यांना भाजीबाजारात कळली आणि तीही बायकोसमोर. त्यामुळे धड हळहळताही आलं नाही.

भाजीवाला शेजारच्या गाड्यावाल्याला सांगत होता, "गिरिराज गेलं बरं का. शेठनं कुलूप लावलं." अमृतरावांच्या हातात भरताचं वांगं होतं. ते त्यांनी उगाच उलटसुलट करून पाहिलं.

"कोण हो गिरिराज?" ज्योत्स्नाबाईंनी मेथीची जुडी झटकत विचारलं.

"असेल कोणी," अमृतराव म्हणाले. "वय झालं असेल."

ज्योत्स्नाबाईंनी पुढे विचारलं नाही. त्या कधीच पुढे विचारत नसत, आणि अमृतरावांना आयुष्यात खरी भीती वाटे ती याच गोष्टीची.

गिरिराज म्हणजे 'हॉटेल गिरिराज, परमिट रूम अँड बिअर बार, वातानुकूलित'. यातलं 'वातानुकूलित' पाटी रंगवणाऱ्यानं स्वतःच्या हौसेनं घातलं होतं, असं मालक जीवराम शेठच सांगत. आत वात होता, पण तो कोणालाच अनुकूल नव्हता. प्लायवूडचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला पडदा. पडदा इतका आखूड की बाहेरून आतल्यांच्या चपला दिसत. जळगावात माणूस चपलेवरूनही ओळखला जातो, म्हणून अमृतरावांनी शनिवारसाठी एक वेगळा जोड ठेवला होता. मेनूकार्ड असं काही नव्हतं. शेंगदाणे यायचे, शेव यायची, कांदा यायचा आणि बाकी ज्याच्या त्याच्या नशिबानं. कोपऱ्यातल्या कप्प्यात भूपेंद्र बेडशांबरोबर अमृतरावांनी निम्मी नोकरी काढली होती, म्हणजे नोकरीबद्दल बोलण्यात काढली होती. बेडसे मूळचे धुळ्याचे, अमृतरावांच्याच सरकारी कचेरीतले. पुढे त्यांची धुळ्याला बदली झाली, तरी महिन्यातून एखाद्या शनिवारी जळगावच्या मावशीची तब्येत पाहायला ते येत. मावशी ठणठणीत होती. पण तिच्या तब्येतीची इतकी काळजी घेणारा भाचा सगळ्या खान्देशात दुसरा नव्हता.

घरी या प्रकाराला 'भूपेंद्रकडे जाऊन येतो' असं नाव होतं. ज्योत्स्नाबाईंना सगळं माहीत होतं. आपल्या बायकोला माहीत आहे हे अमृतरावांनाही माहीत होतं. फक्त तो शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं, आणि त्यावर संसार उत्तम चालला होता. खरी अडचण सासऱ्यांची होती. कौतिक आबा यावलकडचे केळी बागाईतदार, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्यासमोर कोणी 'दारू' म्हटलं तर ऐकणाऱ्यानं चूळ भरावी अशी त्यांची अपेक्षा असे. आबा यायचे असले की अमृतराव आदल्या दिवसापासून लवंगा चघळत. आदला दिवस बुधवार असला तरीसुद्धा.

तर गिरिराज गेलं. काही महिने तिथे ठोकाठोक चालली आणि मग एके दिवशी बेडशांचा धुळ्याहून फोन आला. बेडसे कचेरीत शुद्ध मराठी बोलत, पण जिव्हाळ्याच्या विषयावर आले की अहिराणीत उतरत.

"अमृतभो, गिरिराजनी जागावर काहीतरी नवं उघडनं शे म्हने. शनिवारले येस मी. देखी तरी लेऊत."

"मी त्या जागेत पाय ठेवणार नाही," अमृतराव ठामपणे म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

शनिवारी संध्याकाळी त्यांनी तिथे दोन्ही पाय ठेवले. सवयीनं तो वेगळा जोडच घातला होता.

बाहेर काळ्या पाटीवर पांढऱ्या इंग्रजीत 'द हॉप यार्ड' असं लिहिलेलं होतं. दारात काळ्या कोटातली एक तरुणी हातात पाटीएवढा टॅब घेऊन उभी होती.

"गुड इव्हनिंग सर. परमिट आहे?"

अमृतरावांना प्रश्नच कळला नाही. इतकी वर्षं ते परमिट रूममध्ये बसले, पण परमिट नावाची खरोखर एक वस्तू असते आणि ती पिणाऱ्याजवळ असावी लागते, हे त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. 'परमिट रूम' हे त्यांना 'लक्ष्मी निवास'सारखं नाव वाटे. लक्ष्मी निवासात लक्ष्मी असतेच असं कुठे आहे?

"काळजी नको सर, एक दिवसाचं इथेच काढून देते," तरुणी म्हणाली आणि तिनं छापील मजकूर वाचून दाखवला. परवाना आरोग्य राखण्यासाठी देण्यात येत होता.

"खरं आहे," बेडसे गंभीरपणे म्हणाले. "तब्येतीसाठीच येतो आम्ही. मावशीच्या."

"आणि मोबाइल नंबर, सर?"

इथे घात झाला. गॅस असो, रेशन असो, बँक असो, अमृतराव सगळीकडे बायकोचाच नंबर देत. स्वतःचा त्यांना पाठ नव्हता आणि बँकवाल्यांचे फोन घ्यायचा कंटाळा होता. तोंड सवयीनं ज्योत्स्नाबाईंचा नंबर बोलून मोकळं झालं आणि अमृतराव आत गेले.

आत गेले आणि थबकले. कप्पे नव्हते, पडदे नव्हते. रस्त्याकडची भिंतसुद्धा नव्हती. तिच्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. गिरिराजात नुसत्या चपला दिसत, इथे अख्खा माणूस दिसत होता. वर वायरिंग अर्धवट राहिलेल्या घरात लोंबतात तसे उघडे दिवे लोंबत होते. मागच्या बाजूला आणखी एका काचेपलीकडे तांब्याच्या मोठमोठ्या टाक्या चकाकत होत्या.

"डेअरी उघडी की काय यास्नी?" बेडसे पुटपुटले.

बसायला लांबच लांब बाकं. पंगतीला बसावं तसं अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं. मेनूकार्डावरचं एकही नाव ओळखीचं निघालं नाही, तेव्हा वाढप्यानं 'सगळ्यांचा थोडा थोडा नमुना' घ्यायचा सल्ला दिला. मग एका फळीवर इवलेसे ग्लास मांडून आले, पोलिओच्या मोहिमेत डोसाच्या कुप्या मांडतात तसे. अमृतरावांनी नाक मुरडायचं ठरवूनच पहिला घोट घेतला. पहिला कडू होता, दुसरा आंबट, तिसऱ्याला धुराचा वास होता. नाक मुरडण्याचं काम व्यवस्थित चाललं होतं. चौथ्याला मात्र ते थांबले. पुन्हा घोट घेतला. ग्लास नाकाशी धरला.

"बेडसे, याला केळ्याचा वास येतोय."

वाढप्यानं अभिमानानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे केळीबागेचं मोठं चित्र होतं, लोंबणारे घड वगैरे, आणि वर लिहिलं होतं, 'खान्देश बनाना वाइट'. वाइट म्हणजे बिअरचीच एक जात, असं त्यानं सांगितलं. अमृतरावांना ती आवडली, आणि हाच त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा अपमान होता.

ते तिचाच मोठा ग्लास सांगणार, इतक्यात फोन वाजला.

"अहो, मला एक मेसेज आलाय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "'वेलकम अमृत, आता तुम्ही हॉपर झालात.' हॉप म्हणजे लंगडी ना हो? तुम्ही लंगडी घालताय का कुठे?"

"कोन लंगडी घालू राह्यलं?" फोनवरच मागून एक जाडाभरडा आवाज आला.

"आबा आलेत," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "व्यापाऱ्याकडे आले होते. फोन स्पीकरवर आहे."

माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो. अमृतरावांच्या हातात ग्लास होता आणि डोळ्यांसमोर भिंतीवरचे घड होते.

"कारखाना आहे एक," ते म्हणाले. "नवीन निघालाय. केळ्याचं... पेय बनवतात. म्हटलं आबांच्या मालाचं बोलून पाहावं."

पलीकडून आबांचा आवाज आला आणि तो जरा दाटलेला होता.

"जावाईबापू, सुट्टीच्या दिवशी तुम्ही माह्या केळीसाठी फिरू राह्यले?"

त्या दिवशी व्यापाऱ्यानं आबांचा कटाईला आलेला माल घ्यायला सरळ नकार दिला होता. भाव इतका पडला होता की तोडणीची मजुरीही निघत नव्हती. ते सगळं आबांनी फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "पोटच्या पोरानं नाही इचारलं, ते तुम्ही केलं." अमृतरावांनी हातातला ग्लास खाली ठेवला. बेडशांनी सहानुभूतीनं त्यांचा ग्लास स्वतःकडे ओढला आणि संपवला.

घरी जाताना अमृतरावांनी इतकी वेलची चघळली की दारात आबा म्हणाले, "खीर खाल्ली वाटते कारखान्यात." ज्योत्स्नाबाईंनी पानं वाढली आणि जेवताना, कधी नव्हे ते, अत्यंत निरागसपणे चौकशी सुरू केली.

"रोज किती घड लागतात हो त्यांना?"

"बरेच."

"कच्चे की पिकलेले?"

"मिश्र."

"आणि ते पेय लागतं कसं?"

"मला काय माहीत," अमृतराव म्हणाले, आणि ताटातल्या भाकरीकडे बघत राहिले. वकील झाली असती तर ही बाई कुठल्या कुठे गेली असती, असं त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं नव्हतं.

आबा दुसऱ्या सकाळच्या यष्टीनं गावी गेले आणि बातमी त्यांच्या आधी पोहोचली. दुपारपासून फोन सुरू झाले. सासुरवाडीचे चुलत, मावस, आते असे सगळे. कोणाकडे नवी लावलेली नवती बाग होती, कोणाकडे जुन्या खोडांच्या पिलांवर धरलेली पिलबाग, पण माल सगळ्यांचाच पडून होता. अमृतरावांना लग्नानंतर इतका मान प्रथमच मिळत होता, आणि ते प्रत्येकाला 'बघतो, बघतो' म्हणून फोन ठेवत होते.

त्यात शेजारी जितेंद्र चौधरी. जितेंद्र विमा उतरवत असे आणि उरलेल्या वेळात लोकांना मार्गदर्शन करत असे. कुंपणावरून वाकून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, हे असं तोंडी चालत नाही," तो म्हणाला. "आधी शेतकऱ्यांची कंपनी काढा. मग करार करा. मग मालाचा विमा."

"अरे, पण ते घेतीलच असं नाही."

"म्हणून तर विमा," जितेंद्र म्हणाला.

अखेर अमृतरावांनी ठरवलं की आपणच जाऊन मालकिणीला भेटावं. मालकीण म्हणजे जीवराम शेठची सून डिंपल. पुण्याला शिकून आलेली, चटपटीत. ऑफिसची फाइल काखेत मारून, आपण कोणी मोठे मध्यस्थ आहोत अशा चेहऱ्यानं अमृतराव दुपारी तिच्यासमोर बसले.

"ओळखलं काका तुम्हाला," डिंपल म्हणाली. "कोपऱ्यातला कप्पा. सासरे नेहमी सांगतात, भिंतीला डोकं टेकून टेकून तुम्ही तिथला रंग घालवला होता."

मध्यस्थपणा तिथेच संपला. अमृतरावांनी फाइल खाली ठेवली आणि मुद्द्यावर आले. किती केळी लागतात?

"एकही नाही," डिंपल म्हणाली. "गव्हाची बिअर आहे काका. यीस्ट असतं ना, ते आंबताना तसा वास सोडतं."

"पण नावात केळं आहे."

"नावात आहे. चित्रातही आहे. ग्लासात नाही."

"एखादी फणी तरी?"

"नाही हो."

"टाकता येणार नाही का थोडं? नावापुरतं?"

डिंपलनं समजावून सांगितलं की प्रत्येक बिअरची कृती सरकारकडून मंजूर करून घेतलेली असते, तिच्यात बदल करायचा तर परवानगी लागते. हे ऐकताच अमृतरावांचा चेहरा उजळला. परवानगी लागते म्हणजे ती मिळणार नाही, आणि मिळणार नाही म्हणजे नकार येणार. सरकारी नकार. त्यापुढे आबाच काय, कोणाचंही काही चालत नाही. कारखान्याची फार इच्छा होती हो, पण सरकारनं अडवलं, असं सांगून सन्मानानं सुटता येणार होतं. सारं आयुष्य अमृतरावांनी लोकांना हेच सांगण्यात घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती. वर चहाही मागवला.

"बिअरमध्ये केळं घालायचं म्हणता?" साहेब म्हणाले. "आपल्या शेतकऱ्याचं?"

"होय. पण नियमात बसत नसेल, तर स्पष्ट सांगा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

"बसवू ना. का नाही बसणार?"

"आरोग्याच्या दृष्टीनं काही आक्षेप..."

"केळ्यानं कसला आक्षेप? परवानाधारकाला अर्ज करू द्या. सहानुभूतीपूर्वक विचार करू." साहेबांचे डोळे पाणावले होते. त्यांचं आजोळ चोपड्याचं निघालं, आणि मामांचा माल बागेतच पिकून गळाला होता.

अमृतराव कचेरीच्या पायऱ्या उतरले. सरकारी कचेरीत जन्म गेला, पण कोणाचं काम इतक्या सहज होताना त्यांनी पाहिलं नव्हतं. ते नेमकं आपलंच आणि नेमकं आज व्हावं? ऐन गरजेच्या वेळी सरकारवर विसंबता येत नाही, हे लोकांचं म्हणणं त्यांना प्रथमच पटलं.

आता आबांना खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. रविवारी यावलला जाऊन सांगायचं असं त्यांनी ठरवलं. पण शनिवारी दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. हिरव्या घडांनी गच्च भरलेला, वर केळीची पानं झाकलेली. पुढे आबा आणि सासूबाई यशोदाबाई, मागे घडांवर रेलून गावचा वना.

"म्हटलं माल पाह्यल्याशिवाय कारखानदार हो कसा म्हनीन," आबा म्हणाले. "चला."

"आबा, आज बंद असेल तिथे."

"नाही, शनिवारीच तर चालू असतं," ज्योत्स्नाबाई पायात चपला घालत म्हणाल्या. "हे दर शनिवारी तिकडेच असायचे ना."

अमृतराव बायकोकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर रेघही हलली नव्हती. जितेंद्र कुंपणावरून उडी मारून टेम्पोत चढला. सल्लागार बरोबर हवा, असं त्याचं म्हणणं होतं.

रस्ताभर अमृतराव देवाचं नाव घेत होते, पण काय मागावं ते सुचत नव्हतं. टेम्पो पंक्चर व्हावा असं मागितलं, तर तो चक्क वेगानं पळू लागला.

हॉप यार्डात नुकती वर्दळ सुरू झाली होती. आबा काचेच्या दारातून आत गेले, टोपी नीट केली आणि पलीकडच्या तांब्याच्या टाक्या बघून खूश झाले. "सोच्छ हाये काम," ते म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या केळीबागेकडे गेली. ते चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं, बागेत फिरताना न्याहाळावं तसं. इकडे वना बाकावर बसलेल्या पोरांच्या ग्लासांकडे बघत होता. त्याचा पुतण्या पुण्याला होता, त्याला या गोष्टी माहीत होत्या.

"आबा," तो हळूच म्हणाला, "ही बिअर हाये. दारू."

आबा वळले. सगळं हॉटेल गप्प झालं, असं निदान अमृतरावांना वाटलं. प्रत्यक्षात पोरं आपापल्या गप्पांत होती. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. जितेंद्र, जो सल्लागार होता, तो एकाएकी मेनूकार्ड वाचू लागला. अमृतरावांना वाटलं, तांब्याच्या त्या टाकीचं झाकण उघडून आत उतरावं आणि वरून झाकण लावून घ्यावं.

गडबड बघून डिंपल पुढे आली. आबांनी तिला विचारलं, "पोरी, यात केळं किती पडते?"

डिंपलनं अमृतरावांकडे पाहिलं. अमृतरावांनी डोळ्यांनी काय नाही ते सांगितलं, पण ती नव्या पिढीची होती, डोळ्यांची भाषा तिला येत नव्हती.

"केळं नाही आबा. नुसता वास येतो."

आबा जवळच्या बाकावर बसले. दोन कॉलेजची पोरं सरकली आणि त्यांना जागा दिली.

"दारू तं दारू," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी पेलो नाही, पेनार नाही. लोक पेतात, ज्याचं त्याच्यापाशी. त्याच्यासाठी मी तुले काही म्हनत नाही. पन पोरी, नाव आमचं, वास आमचा, भिताडावर बाग आमची, आन् माल मातर घ्यायचा नाही? तिकडे बागात घड पिकून गळू राह्यले, कुत्रं खात नाही. आन् इथी वासाचे पैशे घेता तुम्ही?"

आबांनी वनाला खूण केली. वनानं एकेक घड उचलून आणला आणि त्या लांब बाकावर ओळीनं मांडला. बिअरचे ग्लास बाजूला झाले. हा काही कार्यक्रम असावा असं समजून पोरांनी मोबाइल काढले.

"माल घेतल्याबिगर मी उठत नाही," आबा म्हणाले आणि त्यांनी मांडी घातली. "जावाईबापू, बसा इथी. तुम्हीच आनलं आपल्याले या जागी. तुम्ही नसते तं आमच्या नावाची ही लूट कळली नसती."

अमृतराव बसले. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला घड, समोर जळगावचा हमरस्ता आणि मध्ये काच. रस्त्यावरून त्यांचे दोन सहकारी स्कूटरवरून गेले, पुढे जाऊन थांबले आणि परत वळून आले. इतकी वर्षं ज्या जागी आपल्याला कोणी बघू नये म्हणून ते वेगळी चप्पल घालत आले, त्याच जागी ते आता सबंध गावाला दिसत होते, आणि तेही न पिता.

कोंडी फोडली यशोदाबाईंनी. इतका वेळ त्यांच्या मांडीवर एक डबा होता, कारखानदाराच्या बाईला द्यायला आणलेला. मंडळी नुसतीच बसलीत हे त्यांना बघवेना. त्यांनी डबा उघडला आणि शेजारच्या पोरापुढे धरला. कच्च्या केळ्याचे वेफर होते, घरी तळलेले, मीठ-मिरी लावलेले. पोरानं एक घेतला, मग मूठभर घेतले, मग डबा बाकावरून पुढे सरकत गेला. दुसऱ्या टोकाला पोहोचला तेव्हा रिकामा होता, आणि त्या टोकाचा माणूस वाढप्याला विचारत होता, "हे मेनूत कशात आहेत?"

डिंपलला डोळ्यांची भाषा येत नसली, तरी धंद्याची येत होती. ती यशोदाबाईंसमोर खुर्ची ओढून बसली.

"आजी, असे रोज करून मिळतील?"

"गावच्या बाया हायेत," यशोदाबाई म्हणाल्या. "मंदाबाई हाये, रत्ना हाये. तेल चांगलं लागीन."

पुढचं बोलणं त्या दोघींनी आणि ज्योत्स्नाबाईंनीच केलं. आबांची एकच अट होती. कार्डावर 'यावलचे' असं लिहायचं, आणि मोठ्या अक्षरात. डिंपल हो म्हणाली. वनानं घड पुन्हा टेम्पोत चढवले. ते आता गावी जाऊन तळले जायचे होते. जितेंद्रनं तेलाच्या कढईचा विमा सुचवला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पोरांनी काढलेलं चित्रीकरण रात्रीपर्यंत सगळीकडे फिरलं. 'शेतकऱ्याच्या घामासाठी बारमध्ये ठाण मांडणारा जावई' असं त्याखाली लिहिलेलं होतं. सोमवारी अमृतरावांच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. कॉलनीतल्या एका संस्थेनं शाल-श्रीफळाची तारीख विचारली. धुळ्याहून बेडशांचा फोन आला.

"भो, तू ते पुढारी व्हयी गया," बेडसे म्हणाले. त्यांच्या स्वरात कौतुक होतं, पण थोडी भीतीही होती.

ती भीती रास्त होती, हे हळूहळू कळलं. वेफरचा माल शनिवारी पोहोचवायचा असं ठरलं होतं. तो दिवस ज्योत्स्नाबाईंनी सुचवला होता, कारण 'यांना शनिवार सोयीचा पडतो'. त्यामुळे दर शनिवारी आबा स्वतः येतात. माल उतरवून घेतात, काचेजवळच्या बाकावर बसतात आणि गिऱ्हाइकं वेफर कसे खातात ते बघतात. त्यांच्या एका बाजूला जावई बसतो. जावई तिथे उघडपणे येतो, राजरोस, बायकोला घेऊन. दारातली तरुणी त्याला परमिट विचारत नाही. तो लिंबू सरबत पितो.

मावशीची तब्येत बघायला बेडसे आले की समोर बसतात आणि निर्लज्जपणे मोठा ग्लास मागवतात. आबांना त्यांच्याबद्दल काही वाटत नाही. ते धुळ्याचे आहेत, असं ते समजून घेतात.

गेल्या शनिवारी आबा फारच खुशीत होते. वेफरला पुण्याहून कोणीतरी विचारणा केली होती. बेडशांच्या फेसाळ ग्लासाकडे बघून ते अमृतरावांना म्हणाले, "जावाईबापू, काळ बदलला. तुमची इच्छा असली तं एखादा घ्या. मी काही म्हननार नाही."

अमृतरावांचा हात सरबताच्या ग्लासावरून सुटलाही. तेवढ्यात ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "नको हो आबा. यांना त्याचा वासही सहन होत नाही."

"मले माहीत हाये," आबा म्हणाले, आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "म्हनून तं पोरगी देली."

मग ज्योत्स्नाबाईंनी वाढप्याला बोलावलं. आपल्या वेफरबरोबर लोक काय घेतात ते एकदा कळायला हवं, मालाच्या दृष्टीनं, असं त्या म्हणाल्या. आबांना ते पटलं. फळीवरचा एक इवलासा ग्लास आला. ज्योत्स्नाबाईंनी तो नाकाशी धरला, घोट घेतला आणि डोळे मिटून थोडा वेळ बसल्या.

"अहो, खरंच केळ्याचा वास येतो," त्या म्हणाल्या.

"असं?" अमृतराव म्हणाले, आणि त्यांनी सरबतातली बी चमच्यानं बाजूला काढली.